मुंगीची शंभर पावलं

एका जंगलात एक नियम राहत होता.

नीट ऐका, मुलांनो. वाघ म्हणालो नाही, नियम म्हणालो. वाघही होता, त्याच्याकडे येऊच आपण. पण वाघ पुष्कळ जंगलांत असतात आणि नियम थोड्याच जंगलांत, म्हणून आधी नियमाचं सांगतो. माझा घसा बसलाय, दोनदा सांगणार नाही.

हा नियम डोहाकाठच्या काळ्या कातळावर कोरलेला होता. ‘डोहापासून हत्तीच्या शंभर पावलांच्या आत कोणी खोदू नये, झाड तोडू नये, काही बांधू नये.’ एवढाच. वर श्री नाही की खाली सही नाही.

आताच्या महाराजांच्या, म्हणजे त्या वाघाच्या, आजोबांनी तो केला होता. म्हणजे त्यांना करावा लागला. एका उन्हाळ्यात डोह आटला आणि निम्मी प्रजा पाण्यावाचून मेली. उरलेली निम्मी आजोबांच्या गुहेसमोर जाऊन बसली आणि चार दिवस हलली नाही. पाचव्या दिवशी आजोबांनी नियम कोरून घेतला. तेव्हापासून डोहाला बारा महिने पाणी असे आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

डोहाच्या काठावर, जांभळीच्या मुळांत एक बीळ होतं. तिथं दुर्पाबाई नावाचं पाणमांजर राहत असे. त्या वर्षी चैत्र लागता लागता दुर्पाबाईला तीन पिल्लं झाली.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. पाणमांजराचं पिल्लू पोहणं शिकून जन्माला येत नाही. महिना-सव्वा महिना तर त्याचे डोळेच मिटलेले असतात. मग डोळे उघडतात, तर त्याला पाण्याची भीती वाटते. आई मानगूट धरून त्याला पाण्यात सोडते, ते ओरडतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि आठ-दहा दिवसांत ते शिकतं. त्यासाठी खोल पाणी लागतं. म्हणजे दुर्पाबाईला काय हवं होतं, तर वैशाख संपेपर्यंत डोह जागेवर असायला हवा होता. दुसरं काही तिनं कोणाकडे मागितलं नव्हतं.

त्याच जंगलात गेंदाशेठ नावाचे रानडुक्कर होते. फार गोड प्राणी. वाटेत मुंगी भेटली तरी थांबून घरच्यांची चौकशी करायचे. त्यांच्या मनात डोहाच्या उताराकडच्या काठावर एक चिखलस्नान केंद्र काढायचं होतं. चिखलात लोळल्यानं कातडी तुकतुकीत होते, सांधे मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतः रोज लोळायचे, त्यामुळे खोटं म्हणता येत नव्हतं.

गेंदाशेठ महाराजांकडे गेले.

“महाराज, नियम चांगला आहे,” ते म्हणाले. “पण हत्ती आता राहिले किती? एकटे थोरले आबा. तेही लंगडतात. एका लंगड्या हत्तीच्या पावलांवर राज्याची प्रगती किती दिवस अडवायची?”

“नियम काढता येणार नाही,” महाराज म्हणाले. “आजोबांचा आहे.”

“काढू नका. शिथिल करा.”

मुलांनो, शिथिल हा शब्द वहीत लिहून घ्या. शिथिल म्हणजे चड्डीची नाडी सैल सोडणं. चड्डी काढलेली नसते, ती अंगावरच असते, त्यामुळे कोणी नावं ठेवू शकत नाही. फक्त चालताना ती हातानं धरावी लागते.

नवा मसुदा तयार झाला. त्यात शंभर पावलं तशीच ठेवली होती. खोदू नये, तोडू नये, बांधू नये हेही तसंच. फक्त ‘हत्तीच्या’ हा शब्द खोडून तिथं ‘मुंगीच्या’ असा शब्द घातला होता. एका शब्दाचा बदल, त्यात नाराज होण्यासारखं काय आहे, असं गेंदाशेठ सगळीकडे सांगत. शिवाय लहान जिवांना मान दिल्यासारखंही होत होतं, त्यामुळे मुंग्यांनी महाराजांच्या अभिनंदनाचा ठराव केला.

पण महाराज न्यायी होते. “प्रजेला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही,” ते म्हणाले. “तीस दिवस द्या. ज्यांची हरकत असेल त्यांची हरकत लिहून घ्या.”

हे काम नरहरपंतांकडे आलं. नरहरपंत म्हणजे दरबारचे कारकून, जातीनं मुंगूस. त्यांच्यासारखा प्रामाणिक कारकून मी पाहिला नाही. आयुष्यात त्यांनी कधी खोटं अक्षर लिहिलं नाही. समोरचा बोलेल तेच लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, हा त्यांचा बाणा. शिवाय स्वभावानं अतिशय सभ्य. नोटीस झाडाला चिकटवून ते घरी बसले नाहीत. वही काखेत मारून घरोघर हिंडले.

पहिल्यांदा ते चितळीणीकडे गेले. मैनावहिनी दुपारच्या सावलीत डोळे मिटून रवंथ करत होत्या.

“माफ करा वहिनी, झोपमोड केली.”

“हरकत नाही,” मैनावहिनी म्हणाल्या. “बसा. काय काढलंत उन्हाचं?”

नरहरपंतांनी वहीत लिहिलं. मैनावहिनी, चितळ, हरकत नाही.

मग ते साळिंदराकडे गेले. साळूनाना बिळाच्या तोंडाशी बसले होते. नरहरपंतांची लेखणी वाटेत मोडली होती.

“नाना, तुमचा एक काटा घेऊ का लिहायला?”

“घ्या की. हरकत नाही.”

नरहरपंतांनी काटा घेतला आणि त्याच काट्यानं साळूनानांचं उत्तर लिहिलं.

थोरल्या आबांना मात्र त्यांनी मसुदा वाचून दाखवला, कारण तिथं हत्तीचा संबंध होता. आबा कानानं अधू. त्यांना ‘हत्ती’ आणि ‘पावलं’ एवढंच ऐकू आलं.

“म्हणजे मला चालायला लावणार का?” आबांनी विचारलं.

“नाही आबा, यापुढे तुम्हाला मोजायला बोलावणारच नाही.”

“मग काही हरकत नाही,” आबा म्हणाले आणि त्यांना बरंच वाटलं.

अशी आठ दिवसांत शंभरेक घरं झाली. सगळीकडे नरहरपंत काहीतरी विचारायचे. पाणी मिळेल का, चिखलाचे पाय आत आले तर चालतील का, पिल्लाला शिंक आली ती माझ्या वहीच्या धुळीनं तर नाही ना. सगळे एकच उत्तर द्यायचे. ते जंगलच सभ्य होतं. नरहरपंतही सगळीकडे एकच उत्तर लिहायचे. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे मी पुन्हा सांगतो, कारण मागाहून त्यांच्यावर फार आरोप झाले.

नवव्या दिवशी ते दुर्पाबाईकडे आले. ती पिल्लांना पाजत होती.

“माफ करा बाई, भलत्या वेळी आलो.”

“आलात ते आलात, पण काम काय ते सांगा,” दुर्पाबाई म्हणाली. तिला बोलायला फुरसत नव्हती, म्हणून ती वाचली.

नरहरपंतांनी मसुदा वाचला. दुर्पाबाईनं दोन वेळा वाचायला लावला. मग तिनं विचारलं, “मुंगीची शंभर पावलं म्हणजे किती हो?”

नरहरपंतांनी आपलं शेपूट जमिनीवर टेकवलं आणि अर्ध्यावर नख ठेवलं. “एवढं.”

“मग माझं बीळ?”

“हद्दीबाहेर जातं.”

“आणि ही जांभूळ? तिच्या मुळांनी काठ धरलाय.”

“तीही हद्दीबाहेर.”

“माझी हरकत आहे,” दुर्पाबाई म्हणाली.

नरहरपंत गोंधळले. या उत्तराचा रकाना वहीत होता, पण त्यात अजून कधी काही लिहिलं गेलं नव्हतं. त्यांनी नियमावली चाळली आणि दिलगिरीनं मान हलवली.

“बाई, तुमची हरकत घेता येत नाही. हरकत हद्दीतल्यांनी घ्यायची. मसुद्याप्रमाणे तुम्ही हद्दीबाहेर राहता.”

“हद्दीत कोण राहतं मग?”

नरहरपंतांनी वहीत पाहिलं. “दोन बेडूक. मी त्यांना विचारलं तर ते उडी मारून पाण्यात गेले. उत्तर न आल्यास हरकत नाही असं समजावं, अशी तळटीप आहे.”

दुर्पाबाईनं पिल्लांना अंगाशी ओढलं. नरहरपंतांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी आणखी दोन पानं उलटली. “एक वाट आहे बाई. हद्दीतली असोत वा बाहेरची, चार घरांनी मिळून अर्ज केला तर महाराजांना सुनावणी घ्यावी लागते. तिथं चौघांनी तोंडानं सांगायचं की आमची हरकत आहे. तसं झालं तर मसुदा बारगळतो. आधी काय लिहिलंय ते मग धरत नाहीत.”

दुर्पाबाई तीन घरं शोधायला निघाली. पिल्लांना बिळात ठेवून रोज सकाळी घटकाभर जायची आणि धावत परत यायची.

मैनावहिनी थक्क झाल्या. “अगं बाई, मी कुठं हो म्हटलं? ते झोपमोडीबद्दल होतं.” साळूनाना काट्याबद्दल बोलले होते. आबांच्या कानाशी तिला दोन दिवस ओरडावं लागलं. पण कळल्यावर त्यांना राग आला, कारण आजोबा महाराजांच्या काळी शंभर पावलं मोजून दिली होती ती आबांच्याच वडिलांनी. तो उन्हाळा आबांनी लहानपणी पाहिला होता.

“आम्ही येतो,” तिघंही म्हणाले. “सांगतो स्पष्ट. त्यात काय भ्यायचं?”

अर्ज गेला. सुनावणी ठरली तिसाव्या दिवशी सकाळी, कातळासमोर.

झाडून सगळं जंगल जमलं. महाराज कातळावर बसले, नरहरपंत वही उघडून खाली. गेंदाशेठ एका बाजूला मान खाली घालून उभे होते. ऊन वाढत होतं.

“कोणाची हरकत आहे?” महाराजांनी विचारलं.

“माझी आहे,” दुर्पाबाई म्हणाली. “काठ खणला तर पाणी जाईल. माझी पिल्लं अजून डोळे उघडायची आहेत, पोहणं तर दूरच. आणि पाणी गेलं तर माझ्याच पिल्लांचं जाणार नाही, सगळ्यांचं जाईल.”

“एक,” महाराज म्हणाले. “पुढचं घर?”

आबा पुढे सरकले. तेवढ्यात गेंदाशेठ मध्ये आले आणि त्यांनी पुढचे दोन्ही पाय जोडले.

“महाराज, आधी मला या मंडळींची क्षमा मागू द्या. माझ्या एका साध्या अर्जापायी यांना एवढ्या उन्हात यावं लागलं. नानांना बिळाबाहेर यायचा त्रास. वहिनी घरचं सगळं टाकून आल्या. आणि आबा, या वयात, या पायानं... आबा, मला खरोखर लाज वाटते. माझ्यामुळे मनस्ताप झाला. माफ करा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सांगितलं ना, फार गोड प्राणी.

आबा विरघळले. “अहो शेठ, असं काय,” ते म्हणाले. “हरकत नाही.”

“छे छे, हरकत नाही,” मैनावहिनी म्हणाल्या.

“मनाला लावून घेऊ नका. काही हरकत नाही,” साळूनाना म्हणाले.

नरहरपंतांनी तिन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहिली.

“आबा, काय बोलून बसलात?” दुर्पाबाईनं विचारलं.

“अगं, एवढा मोठा प्राणी पाय जोडून उभा राहिला, तर काय म्हणायचं?”

“हरकत आहे म्हणायचं.”

“असं तोंडावर?”

“तोंडावरच. त्याच्यासाठीच बोलावलंय ना?”

आबांना पटलं. ते नरहरपंतांकडे वळून म्हणाले, “पंत, ते खोडा. मी माफीबद्दल बोललो.”

नरहरपंतांचा चेहरा पडला. “आबा, सुनावणीत बोललेलं शेवटचं. खोडायची मला मुभा नाही.”

महाराज उठले. त्यांनी चार पावलं टाकली, थांबले, आणि प्रजेनं इतक्या समजुतीनं प्रश्न सोडवल्याबद्दल समाधान व्यक्त करून निघून गेले. गर्दी पांगली. जाताना दोघीतिघी दुर्पाबाईकडे बघून कुजबुजल्या की बाई जरा फटकळच आहे.

इथं मला राग येतो, मुलांनो. दरवेळी ही गोष्ट सांगताना येतो. तीस दिवस होते. तीस. कोणी कोणाला डांबलं नव्हतं, कोणाच्या मानेवर पंजा नव्हता. दोन शब्द बोलायचे होते आणि ते दोन शब्द ज्यांच्या तोंडून निघायला हवे होते, त्यांच्या तोंडून भलतेच दोन निघाले. मीही काही वेगळा नाही म्हणा. आमच्या गल्लीतला उंबर तोडायची नोटीस लागली होती ती मी दूध आणायला जाताना रोज वाचायचो, पंधरा दिवस. अक्षर चांगलं होतं. आता तिथं उंबर नाही. असो, गोष्ट पुढे नेऊ.

दुसऱ्या दिवशी गेंदाशेठांनी खणायला सुरुवात केली. नियमाला धरून, काठापासून बरोबर मुंगीची शंभर पावलं सोडून. मुंगीच मोजायला होती. आधी जांभूळ गेली. दुर्पाबाईनं पिल्लांना एकेक करून तोंडात धरलं आणि कातळाच्या कपारीत नेऊन ठेवलं. मग खड्डा झाला. तिसऱ्या दिवशी खड्डा आणि डोह यांच्यामधली ती वीतभर माती ओली झाली. चौथ्या दिवशी सकाळी ती बसली.

पाणी उताराला लागलं. मोठा आवाजही झाला नाही. दुपारपर्यंत डोहाच्या कडा उघड्या पडल्या, संध्याकाळपर्यंत मासे दिसायला लागले, आणि आठव्या दिवशी मधोमध एक डबकं राहिलं, बसलेल्या म्हशीएवढं. तिथं सगळे रांगेनं पाणी प्यायला येत. रांगेत कोणी ढकलाढकली करत नसे. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं चाले.

चिखलस्नान केंद्र पंधरा दिवस उत्तम चाललं. मग चिखल वाळला. चिखलाला पाणी लागतं हे गेंदाशेठांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, झाल्या गैरसोयीबद्दल पुन्हा क्षमा मागितली आणि ते पलीकडच्या जंगलात गेले. तिथं एक तळं आहे म्हणतात.

प्रजा महाराजांकडे गेली. महाराजांनी नियमाची पाहणी केली. नियम जागेवर होता, एकही अक्षर मोडलेलं नव्हतं. ‘डोहापासून मुंगीच्या शंभर पावलांच्या आत’, सगळं काही शाबूत. डोह नव्हता, पण नियमात डोह असावाच असं कुठं म्हटलेलं नव्हतं. नरहरपंतांनी तहानेची तक्रार लिहून घेतली आणि ती कोणत्या रकान्यात घालावी हे न कळल्यामुळे किरकोळमध्ये घातली.

वैशाखात पिल्लांचे डोळे उघडले.

दुर्पाबाईनं महिनाभर या दिवसाचा विचार केला होता. पोहणं तर शिकवायला हवं होतं, कारण शिकायचं वय निघून गेलं की पाणमांजराच्या अंगातली ती ओढच जाते. जंगलातला ओढाही कोरडा होता. पलीकडच्या तळ्यापर्यंत तीन पिल्लं तोंडात धरून नेणं उन्हात शक्य नव्हतं. तिनं एकदा निघून पाहिलं होतं आणि अर्ध्या वाटेवरून परत आली होती. डबक्यात पिल्लाच्या पोटाला पाणी लागेना.

म्हणून एका सकाळी तिनं तिघांना कपारीतून काढलं आणि डोहाच्या तळाशी नेलं. तळाला भेगा पडल्या होत्या. तिथं तिनं त्यांना पोटावर निजवलं.

“पुढचे पाय अंगाशी घ्या,” ती म्हणाली. “मागचे असे मारायचे. शेपटीनं वळायचं. मान वर. आता श्वास धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

पिल्लं पाय मारायला लागली. धूळ उडाली. काठावर पाण्याची रांग लागलेली होती. आबा होते, मैनावहिनी होत्या, साळूनाना होते. ते बघत होते.

सगळ्यात धाकट्या पिल्लानं फार मन लावून पाय मारले. पोट खरचटलं तरी थांबलं नाही. सरकत सरकत ते हातभर पुढे गेलं, शेपटीनं वळलं, आणि धुळीनं भरलेलं तोंड वर करून म्हणालं, “आई, मला पोहता आलं.”

दुर्पाबाई त्याच्याजवळ गेली. त्याच्या नाकावरची माती तिनं चाटून काढली.

“आलं हो बाळा,” ती म्हणाली. “छान आलं.”

तात्पर्य : ज्या गावची माणसं फटकळ आणि भांडखोर असतात, आलेली प्रत्येक नोटीस वाचतात आणि भर सभेत थोरामोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणतात, त्या गावाला बहुतेक वेळा पाणी असतं. म्हणून मुलांनो, अशा गावाशी सोयरीक करू नये. आपण सभ्य आहोत.